बत्तीस माना

केल्बीच्या क्लबात एकंदर अठरा सेनापती होते, आणि अठराही जण टेबलावर उभे राहून आपापल्या मालकाचं पितळ उघडं पाडत असायचे.

म्हणजे बघा, टेबलावरच्या लुटुपुटीच्या लढायांतले शिपाई सगळे सारखेच. अंगठ्याएवढे, एकाच साच्यातून ओतलेले, पाकिटात बाराच्या हिशेबानं मिळणारे. त्यांना रंग दिला, रांगेत चिकटवलं की झालं. सेनापतीचं तसं नाही. तो गर्दीत उठून दिसला पाहिजे, म्हणून त्याला घरी घडवायचा. कुणाचा हात कापायचा, कुणाचं डोकं आणायचं, वर वाळून कडक होणाऱ्या पुट्टीचा झगा चढवायचा. इथं माणूस मोकळा सुटतो. दर रविवारी दुपारी खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये ग्लेनिस पोगमोर चहाचा कप घेऊन टेबलाभोवती एक फेरी मारायची आणि मनातल्या मनात नोंदी करायची. ज्याच्या डोक्यावर केस उरले नव्हते, त्याच्या सेनापतीच्या टोपीतली पिसं सगळ्यात लांब. ज्याला घरात टीव्हीचा रिमोट मिळत नव्हता, त्याचा सेनापती दोन पायांवर उसळलेल्या घोड्यावर, तलवार उपसून. ह्यू दंतवैद्य. जन्मभर लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणत आला. त्याचा सेनापती स्वतःच तोंड उघडून ओरडत होता.

आणि क्लबाचा सेक्रेटरी नेव्हिल रॅडबर्न. त्याचा सेनापती खडकावर उभा होता. खडक म्हणजे बाटलीच्या बुचाचे तुकडे, एकावर एक. हा सेनापती केला त्या वर्षी एक तुकडा होता. दर वार्षिक सामन्याला एक वाढत गेला, आणि आता सेनापती अशा उंचीवर पोहोचला होता की घोडेस्वारांनाही त्याच्या बुटांशी बोलावं लागावं. नेव्हिल स्वतः पाच फूट चार इंच. ही नोंद ग्लेनिसनं कुणाला सांगितली नव्हती.

ती क्लबात आली तीच मुळी हॉलची किल्ली द्यायला. सहा वर्षांपूर्वी. किल्ली दिली, पाच मिनिटं बघत उभी राहिली, आणि मग कुणीतरी म्हणालं, “उभीच आहेस तर जरा हे फासे टाक.” तिनं टाकले, त्या माणसाची तोफ उडाली, आणि ती पुढच्या रविवारीही आली. आता तिची स्वतःची पलटण होती. इंग्लंडच्या यादवीतली, पार्लमेंटच्या बाजूची, लांब भाल्यांची. छत्तीस जण. सहा-सहा जणांच्या सहा रांगा, एका पाटीवर घट्ट बसवलेल्या.

सेनापती मात्र नव्हता. सहा वर्षं तिनं क्लबाचा उसना सेनापती वापरला होता. लाल पट्टा, वर केलेली तलवार, नाकाचा रंग उडालेला. ह्या वर्षी तिनं ठरवलं की आपला आपण करायचा.

आणि घोडं तिथंच अडलं. संध्याकाळभर ती पिसांची पाकिटं, झगे, तलवारी समोर पसरून बसली. एक सेनापती पिसं लावून केला. तो लग्नातल्या केकवरच्या नवऱ्यासारखा दिसला. एक घोड्यावर बसवला. तो पडेल की काय अशी भीती वाटत राहिली. ह्यातला एकही माणूस तिनं आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आणि पुढारी तर तिनं पाहिला होता. अगदी जवळून.

सत्तावीस वर्षं ती जिल्हा इस्पितळाच्या धोबीखान्यात होती. तिथं मॅनेजर होऊन गेले सात. सातांनाही काचेची केबिन, कोटाला नावाची पट्टी. पण इस्त्रीचं मशीन अडकलं, वाफेची नळी सुटली, कुणाची बोटं भाजली, की चाळीस बायकांच्या माना केबिनकडे कधी वळल्या नाहीत. त्या वळायच्या तिसऱ्या मशीनकडे. तिथं मेव्हिस असायची. तोच निळा एप्रन, तीच टोपी, तशाच सुजलेल्या घोट्यांवर घातलेले तेच रबरी बूट. एकदा पाचव्या मॅनेजरनं सगळ्यांना उभं करून कागद वाचला, की सोमवारपासून धोबीखाना ठेकेदाराकडे, पगार कमी, पाळी लांब. कागद तो वाचत होता, पण त्याच्याकडे बघत कुणीच नव्हतं. मेव्हिसनं हातातली चादर घडी करून संपवली, गठ्ठ्यावर ठेवली आणि एप्रनची गाठ सोडली. तिनं पुढं काही करायच्या आत चाळीस एप्रन खाली पडले होते. ठेकेदार आला शेवटी, पण दीड वर्षानं आणि पगार न कापता.

ग्लेनिसनं पिसांची पाकिटं बंद केली. पाटीवरच्या तिसऱ्या रांगेतला, डावीकडून तिसरा भालेवाला तिनं बोटानं ठोकला. हा. ह्याला काहीच करायचं नाही. बाकीच्यांना करायचं.

त्याच्या थेट मागं उभे असलेले तिघे आपसूकच त्याच्याकडे बघत होते. उरले बत्तीस. बत्तीस माना कापायच्या, वळवायच्या आणि पुन्हा बसवायच्या.

सोनाराची बारीक करवत, हातानं फिरवायचं ड्रिल, पितळी तार. मानेत भोक, धडात भोक, मध्ये तारेचा तुकडा, वर पुट्टीचा ठिपका. पहिल्या दहा माना तिनं भरपूर वळवल्या, आणि दहा घुबडं तयार झाली. मानेला हद्द असते हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पुढच्या रांगेतला माणूस मागं बघतो तो पुरता वळत नाही. हनुवटी खांद्याशी आणतो, बाकीचं काम डोळ्यांवर सोडतो. दहाच्या दहा परत कापल्या. दोन डोकी गालिच्यात हरवली. एक सापडलं. दुसरं सापडलं व्हॅक्यूमच्या पिशवीत, त्यासाठी पिशवी बाथटबमध्ये पसरावी लागली. अंगठ्याला तीन वेळा करवत लागली.

मग डोळे. क्लबातली माणसं डोळे रंगवतात ते शिपाई उलटा धरून. पाय वर, डोकं खाली. ब्रश खालच्या पापणीवर जास्त स्थिर राहतो म्हणे. ग्लेनिसनंही तसंच केलं. सहा जणांचे डोळे झाले, तिनं त्यांना सुलटं केलं, आणि सहाही जण सेनापतीकडे पाठ करून भलतीकडेच बघत होते. उलट्या माणसाचं डावं उजवं होतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसली की शेजारणीनं भिंतीवर टकटक केलं. पाच जणांचे डोळे तिनं दुरुस्त केले. सहाव्याला तसाच ठेवला. चाळिसांत एक जण घड्याळाकडे बघत असतोच.

शेवटी काळा-तपकिरी रंग सुकल्यावर पाटी तिनं खिडकीतल्या टेबलावर ठेवली आणि तीन पावलं मागं आली. भालेवाल्यांच्या शिरस्त्राणाला मधोमध उंच कणा असतो. पस्तीस कणे, आणि बहुतेकांची टोकं एका जागेकडे वळलेली. त्या जागी एक माणूस. पिसं नाहीत, तलवार नाही. तेवढा एकच रांगांपलीकडे, सरळ समोर बघत होता.

“हं,” ग्लेनिस स्वतःशीच म्हणाली. “आता कोण नाही म्हणतं बघू.”

नाही म्हणणारा होताच.

वार्षिक सामन्याच्या दोन आठवडे आधी क्लबात सेनापतींची हजेरी होते. ही वॉल्टनं घालून दिलेली रीत. वॉल्ट चौऱ्याऐंशीचा, क्लब त्यानंच काढलेला, पूर्वी खाणीत मुकादम होता. नियम सोपा: सेनापती तीन फुटांवरून, कुणी न सांगता, ओळखू आला पाहिजे. म्हणजे खेळताना ‘अरे, तो सेनापती होता होय’ अशी रडारड नको. त्यासाठी वॉल्टकडे तीन फुटांवर कापलेला एक झाडूचा दांडा होता. एकेक सेनापती टेबलाच्या कडेला एकटा ठेवायचा, वॉल्ट दांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा आणि म्हणायचा, “सेनापती.” मग पुढचा.

ग्लेनिसनं पूर्ण पाटीच आणून ठेवली.

“फक्त सेनापती,” नेव्हिल म्हणाला. हातात क्लबाची वही, कानावर पेन्सिल.

“तो ह्यांच्यातच आहे.”

“ह्यांच्यातच असू दे. बाहेर काढ. सगळ्यांचे एकेकटे ठेवलेत, तुझाच काय वरातीसकट?”

तिनं तिसऱ्या रांगेतल्या तिसऱ्याला पाटीवरून सोडवलं. बाकीच्यांसारखंच त्यालाही तिनं छोट्या लोहचुंबकावर बसवलं होतं. टेबलाच्या कडेला तो उभा राहिला. भाला, शिरस्त्राण, मळकट डगला. कुणीतरी खोकलं.

वॉल्टनं दांड्याच्या टोकाशी उभं राहून बराच वेळ बघितलं. “पोरी,” तो म्हणाला, “मला खोटं बोलता येत नाही. हा भालेवाला आहे.”

“त्याला परत त्याच्या जागी ठेवून बघा, वॉल्ट.”

“नियमात एकटा म्हटलंय.”

“एकटा कुठला सेनापती असतो हो? एकटा उभा असेल तर तो नुसता उन्हात उभा असलेला माणूस.”

ह्यावर दोघं-तिघं हसले. नेव्हिल हसला नाही. त्यानं वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: “मिसेस पोगमोर यांचा सेनापती सामान्य शिपायापासून वेगळा ओळखू येत नाही. हरकत: एन. रॅडबर्न. सामन्यापर्यंत बदलावा.”

“आणि नाही बदलला तर?”

नेव्हिलनं वॉल्टकडे बघितलं. वॉल्टनं दांडा भिंतीला टेकवला आणि गालावरची दाढी खाजवली. “नाही बदलला तर तो शिपाईच. शिपाई म्हणून खेळव त्याला. फक्त मग तुझ्या पलटणीला सेनापती नाही.”

ही शिक्षा लहान नव्हती. सेनापती असला की कच खाणाऱ्या पलटणीला दुसऱ्यांदा फासा टाकायला मिळतो. नसला तर पहिल्याच वाईट फाशाला छत्तीसच्या छत्तीस जण पळत सुटतात.

“चालेल,” ग्लेनिस म्हणाली.

“चालेल काय? अगं, हरशील.”

“हरेन. पण त्याच्या टोपीत कोंबड्याची पिसं खोवणार नाही.”

पुढच्या रविवारी नेव्हिल तिच्या टेबलाशी येऊन बसला. त्याच्या हातात पुदिन्याच्या चटणीतल्या वाटाण्यांची वाटी होती, आणि आवाजात विमा कंपनीत तीस वर्षं लोकांची छपरं तपासलेल्या माणसाचा समजूतदारपणा.

“हे बघ ग्लेनिस, मी काही तुझ्या वाईटावर नाही.”

“असं कोण म्हणालं?”

“काम सुरेख केलंयस. खरंच. माना वगैरे. मला जमलं नसतं.” त्यानं खिशातून एक चिमुकली शिशी काढून टेबलावर ठेवली. लाल रंग. “कमरेला एक पट्टा. बस. ब्रशचा एक फटकारा. मी हरकत मागं घेतो, तू सेनापतीसकट खेळतेस, सगळे खूश.”

ग्लेनिसनं शिशी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली. रंग चांगला होता. खरं सांगायचं तर एक क्षण तिचा हात खालीही आला. एक पट्टा. कुणाचं काय जातंय? तेवढ्यावरून सामना घालवायचा? पण मग तिला तो पट्टा बांधलेला माणूस डोळ्यांसमोर दिसला, आणि त्याच्याकडे वळलेल्या बत्तीस माना. पट्टा आला की त्या माना पट्ट्याकडे बघणार. माणसाकडे नाही.

“तुझ्या खडकाचे आता किती थर झाले, नेव्हिल?”

“सात. त्याचं काय?”

“एक काढून बघ ना. बस. ब्लेडचा एक फटकारा.”

नेव्हिलच्या मानेवर लाली चढली. “तो खडक आहे तसा नियमात बसतो.”

“बसतोच. हा उभा राहतो.” तिनं शिशी त्याच्या वाटाण्यांशेजारी ठेवली. “आणि हे घेऊन जा, चटणीत पडेल.”

“मग रविवारी रडायचं नाही हां.”

“तू रुमाल घेऊन ये. कुणाला लागेल ते तेव्हा बघू.”

नेव्हिल उठून गेला. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सामन्यात ग्लेनिससमोर नेमका तोच आला. काही जण म्हणाले चिठ्ठ्यांना अक्कल असते. वास्तविक टोपी वॉल्टची होती आणि चिठ्ठ्या त्यानंच काढल्या होत्या, पण म्हाताऱ्याच्या हातावर कोण नजर ठेवणार?

वार्षिक सामना सकाळी दहाला सुरू होतो. टेबलावर रंगवलेली नदी, नदीवर एकच पूल, पुलाच्या नेव्हिलकडच्या टोकाला गाव आणि गावात चर्चचा बुरूज. आठ पाळ्यांत पूल घेतला तर नेव्हिल जिंकणार. नाही घेतला तर ग्लेनिस. जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या ढालीवर गेल्या तीन वर्षांची तीन नावं नेव्हिलची होती, नावाच्या चौथ्या पट्टीची जागा त्यानं आधीच पुसून ठेवली होती, असं ह्यू दंतवैद्य म्हणायचा. ह्यू हजेरीच्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी बायकोबरोबर स्केगनेसला समुद्रावर होता; आज तो कॉब पाव आणि चीज घेऊन टेबलाच्या कोपऱ्याशी बसला होता.

ग्लेनिसनं पाटी आणली आणि सरळ पुलावर ठेवली. तिसऱ्या रांगेतला तिसरा आपल्या जागी.

“सेनापती?” वहीत लिहिण्यासाठी नेव्हिलनं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

“हरकतीखाली,” ग्लेनिस म्हणाली.

“म्हणजे नाही.”

“तुझ्या वहीत नाही.”

पहिल्या पाळीला नेव्हिलचे बंदूकवाले पुढं आले. दुसऱ्या पाळीला धूर, म्हणजे कापसाचे पुंजके. ग्लेनिसचे चार जण पडले. तिनं फासा टाकला. पाच. पलटण उभी. तिसऱ्या पाळीला घोडेस्वार आले आणि भाल्यांवर आपटून परत गेले. नेव्हिलनं कोट काढला. चौथ्या पाळीला पुन्हा फासा. चार. उभी. पाचव्या पाळीला आणखी तीन पडले, फासा टेबलाच्या कडेवरून घरंगळत वॉल्टच्या बुटाशी जाऊन थांबला, आणि सहा निघाले.

“जमिनीवरचा धरत नाहीत,” नेव्हिल म्हणाला.

“परत टाकते.” तिनं परत टाकला. पाच.

टेबलाभोवती आता बाकीचे खेळाडूही जमले होते. त्यांचे स्वतःचे सामने तसेच अर्धवट पडले होते. सेनापतीविना पलटण पाच पाळ्या टिकलेली कुणी पाहिली नव्हती. नशीब, दुसरं काय, असं ते एकमेकांना सांगत होते. ग्लेनिसनंही ते नशीबच मानलं होतं. तिची पाठ घामानं भिजली होती.

सहाव्या पाळीला नेव्हिलनं घड्याळ बघितलं, पूल बघितला, आणि मग चर्चच्या बुरुजावर ठेवलेला त्याचा नेमबाज बघितला. ह्या नेमबाजाला आख्ख्या सामन्यात एकच गोळी असते, आणि ती फक्त सेनापतीवर झाडता येते. सेनापती पडला की पलटणीला जागच्या जागी हिमतीची परीक्षा द्यावी लागते, तीही दोन फाशांची. झाडण्याची रीत अशी की खेळाडूनं न बोलता बोट दाखवायचं. आणि ह्या क्लबात बोट दाखवलं की चाल झाली. मागं घेता येत नाही.

नेव्हिलनं तीस वर्षं असे सेनापती टिपले होते. त्याचं डोकं बहुधा पुलाच्या रुंदीचा हिशेब करत होतं, उरलेल्या दोन पाळ्यांचा, ढालीचा. बोट मात्र डोक्याला विचारत बसलं नाही. ते नदीवरून गेलं, भाल्यांच्या दोन रांगांवरून गेलं आणि तिसऱ्या रांगेतल्या तिसऱ्यावर थांबलं.

“कुणावर?” ग्लेनिसनं विचारलं.

“कुणावर म्हणजे? ह्याच्यावर.”

“ह्याच्यावर म्हणजे कुणावर?”

“तुझ्या सेनाप—”

आणि नेव्हिलनं तोंड मिटलं. बोट तसंच हवेत राहिलं. ह्यू पाव चावायचा थांबला.

“पुढं बोल की,” ग्लेनिस म्हणाली. “शब्द अर्धा राहिला.”

“मला माहीत होतं म्हणून दाखवला. दोन आठवडे तू ह्याच्यावरनं आमचं डोकं खाल्लंयस. कुणीही दाखवेल.”

“मी दोन आठवडे इथं नव्हतो,” ह्यू म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले तसा तो थोडा गोंधळला आणि ओठावरचं चीज पुसत म्हणाला, “म्हणजे मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण मी सकाळपासून त्याच्याकडेच बघतोय. तिसरी रांग, तिसरा. मला वाटलं, काय झकास सेनापती आहे. नाहीये का?”

वॉल्टनं भिंतीला टेकवलेला झाडूचा दांडा घेतला, एक टोक पुलाला लावलं, दुसरं आपल्या पोटाला. चष्मा कपाळावर सारला. पुन्हा खाली घेतला. “हं,” तो म्हणाला.

“वॉल्ट, नियमात एकटा लिहिलंय,” नेव्हिल म्हणाला.

“माहीत आहे रे. मीच लिहिलंय ना ते. एकोणऐंशी साली, हातगाडीवर चिप्स खाता खाता.” वॉल्टनं दांडा बाजूला ठेवला. “नियम मी आज बदलत नाही. भर सामन्यात नियम बदलायचा नसतो. पण बाळा, बोट तू दाखवलंयस. आता दोनातलं एक सांग. तो शिपाई आहे, तर तुझी गोळी फुकट गेली; शिपायावर ती चालत नाही. तो सेनापती आहे, तर हरकत खोड आणि फासा टाक.”

नेव्हिलनं पुलाकडे बघितलं. दोन पाळ्या. भाले जागचे हलत नव्हते. गोळी फुकट गेली तर पूल गेला. पूल गेला तर चौथी पट्टी गेली. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकाखाली एक लिहिल्यासारखं ग्लेनिसला वाचता येत होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “हरकत मागं. ह्या सामन्यापुरती.”

ग्लेनिसनं हात पुढं केला आणि तो पंजा तिसऱ्या रांगेवर धरला. छपरासारखा. “सामन्यापुरती नाही.”

“हात काढ, खेळ चाललाय.”

“चाललाय कुठं, थांबलाय. हा आज सेनापती आणि पुढच्या हजेरीला परत भालेवाला, असं नाही चालायचं. कायमची खोड. तारीख घाल. सही कर.”

“आणि मी फासा टाकल्यावर तो मेला तर? मग काय मिळवलंस तू?”

“मरू दे की. सेनापती मरतात. शिपाई म्हणून मात्र मरायचा नाही तो.”

“पोरी,” वॉल्ट हळू आवाजात म्हणाला, “नीट विचार कर. त्यानं गोळी फुकट घालवली तर हा सामना तुझा आहे.”

“माहीत आहे मला.”

“ढाल तुझी आहे.”

“ढालीवर नाव माझं लागेल, वॉल्ट. ह्याचं नाही.”

ती हात काढेना. दंडाला कळ लागली होती, भाल्यांची टोकं तळहाताला टोचत होती, पण हात जागचा हलला नाही. नेव्हिलनं एकदा तिच्याकडे, एकदा वहीकडे, एकदा बुरुजाकडे पाहिलं. मग कानावरची पेन्सिल काढली.

“पेननं,” ग्लेनिस म्हणाली.

ह्यूनं आपलं पेन दिलं. नेव्हिलनं हरकतीच्या तीन ओळींवर आडवी रेघ मारली. ग्लेनिसनं मानेनंच खूण केली, अजून. त्यानं खाली लिहिलं: सेनापती मान्य. कायम. तारीख घातली. सही केली, आणि ती करताना कागद थोडा फाटला.

ग्लेनिसनं हात काढला.

“टाक.”

नेव्हिलला पाच किंवा सहा हवे होते. त्यानं फासा दोन्ही हातांत घोळवला, फुंकर मारली आणि सोडला. फासा नदीवरून उडाला, पुलाच्या कठड्याला लागला आणि थांबला.

सहा.

कुणीतरी शीळ घातली. नेव्हिलनं श्वास सोडला आणि दोन्ही हात टेबलावर टेकले. ग्लेनिसनं तिसऱ्या रांगेतल्या तिसऱ्याला दोन बोटांत धरून चुंबकावरून सोडवलं. टक्‌ असा बारीक आवाज झाला. आता मधल्या मोकळ्या चौकोनाकडे उरलेल्या शिपायांचे डोळे लागलेले होते, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांचेही. वॉल्टनं चष्मा काढून स्वेटरला पुसला.

मेलेले शिपाई ठेवायला टेबलाच्या टोकाला बिस्किटांचा रिकामा डबा असतो. दोन्ही बाजूंचे त्यातच पडतात, संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापले शोधून घ्यायचे. नेव्हिलनं डबा तिच्याकडे सरकवला.

ग्लेनिसनं तो परत सरकवला आणि सेनापतीला आपल्या ब्लाउजच्या खिशात उभा ठेवला. भाल्याचं टोक बाहेर राहिलं.

“मेलेले डब्यात,” नेव्हिल म्हणाला.

“शिपाई डब्यात.” तिनं दोन फासे उचलले. “तुझी सही वाळली का बघ आधी.”

ह्यू हसला, मग वॉल्ट, मग टेबलाभोवतीचे बाकीचे. ग्लेनिस हसली नाही. पलटणीला जागच्या जागी हिमतीची परीक्षा होती, आणि तिला दोन फाशांत मिळून निदान नऊ हवे होते. तिनं बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

“सरका जरा,” ती म्हणाली. “खिशातला धरून माझे अजून एकोणतीस जण उभे आहेत.”